सेवा उसनवार, माणूस आपला

नोकरीतली बहुतेक वर्षं मी आस्थापना शाखेत काढली. लिपिक म्हणून लागले, अधीक्षक म्हणून निवृत्त झाले. रजा, वेतननिश्चिती, बढत्या, बदल्या सगळंच टेबलावरून गेलं. पण ज्या नस्त्यांनी मला सर्वांत जास्त शिकवलं त्या प्रतिनियुक्तीच्या. आपला माणूस महामंडळाला द्यायचा, प्राधिकरणाला द्यायचा, महापालिकेला द्यायचा, आणि गरज पडली की तिकडचा आपल्याकडे घ्यायचा. कागदावर हा व्यवहार दोन कार्यालयांमधला दिसतो. प्रत्यक्षात ज्याची देवघेव होते तो एक चालता-बोलता माणूस असतो, त्याला घर असतं, कर्जाचे हप्ते असतात, निवृत्तीची तारीख असते. दोन कार्यालयांच्या मध्ये तो कधी कोणाचाच राहत नाही, आणि ते त्याच्या लक्षात येतं फार उशिरा. पुढचे बोल जाणाऱ्यांसाठी आहेत, पाठवणाऱ्यांसाठी आहेत, आणि मुख्यतः आज त्या टेबलावर बसलेल्या मुलामुलींसाठी.

१. आधी आदेश, मग माणूस

‘उद्यापासून तिकडे जा, कागद मागाहून पाठवतो’ हे वाक्य मी नोकरीभर ऐकलं. ते म्हणणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. तिकडे काम अडलेलं असतं, वरून फोन आलेला असतो. पण ‘मागाहून’ येणारा कागद पुष्कळदा येतच नाही.

आमच्याकडचे एक वाहनचालक असेच तोंडी आदेशावर शेजारच्या एका कार्यालयात गेले. आमच्या हजेरीपटावर त्यांची सही थांबली, तिकडच्या हजेरीपटावर नाव चढलं नाही. पगार मात्र आमच्याकडून निघत राहिला. पुढे कामावर असतानाच रस्त्यात अपघात झाला, पाय मोडला. वैद्यकीय प्रतिपूर्तीचं देयक आलं तेव्हा तिकडचे म्हणाले, ते तुमचे कर्मचारी. आमच्याकडे प्रश्न निघाला, त्या दिवशी ते तिथे कोणाच्या आदेशाने होते? शेवटी कार्योत्तर मंजुरी घेऊन देयक पास झालं, पण तोवर त्यांच्या घरच्यांनी सोनं गहाण टाकलं होतं. त्यांची पत्नी माझ्या टेबलासमोर उभी राहून एवढंच विचारायची, “बाई, हे सरकारचं काम करत होते ना?” या प्रश्नाचं उत्तर एका ओळीच्या आदेशात देता आलं असतं.

त्या आदेशात काय असावं हेही सांगते. पद कोणतं, मुदत किती, वेतन कुठून निघणार, भत्ते कोणाच्या नियमाने, रजा कोण मंजूर करणार, अंशदान कोण भरणार, कार्यमूल्यमापन अहवाल कोण लिहिणार. यांतला वेतनाचा मुद्दा सर्वांत निर्णायक, कारण नियमांची सगळी विभागणी त्यावर उभी आहे. वेतन राज्याच्या एकत्रित निधीतून निघत असेल तर माणूस दुसऱ्या खात्यात गेला तरी सरकारातच राहिला. ते महामंडळाच्या किंवा प्राधिकरणाच्या पैशातून निघणार असेल तर ती स्वीयेतर सेवा झाली, आणि तिला महाराष्ट्र नागरी सेवेचे १९८१ चे नियम लागले. पदग्रहण अवधी, स्वीयेतर सेवा आणि निलंबनकाळातली प्रदानं असं लांबलचक नाव असलेलं ते छोटं पुस्तक आहे. आस्थापनेतल्या प्रत्येकाने ते स्वतःच्या खणात ठेवावं. माझ्या प्रतीची पानं सुटी झाली होती, तरी मी ती शेवटपर्यंत वापरली.

२. संमती विचारायची तर खरी विचारा

जाणाऱ्याची संमती लागते, हे न्यायालयांनी स्वच्छ सांगितलेलं आहे. उमापती चौधरी विरुद्ध बिहार राज्य या १९९९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्रतिनियुक्ती ही तिघांच्या संमतीची गोष्ट मानली: देणारा नियोक्ता, घेणारा नियोक्ता आणि स्वतः कर्मचारी. केंद्राच्या मूलभूत नियमांतला ११० वा नियमही तेच म्हणतो की कर्मचाऱ्याला त्याच्या इच्छेविरुद्ध स्वीयेतर सेवेत पाठवता येत नाही. सरकारच्या मालकीच्या किंवा मुख्यतः सरकारच्या नियंत्रणातल्या संस्था त्याला अपवाद आहेत, आणि व्यवहारात बहुतेक प्रतिनियुक्त्या नेमक्या अशाच संस्थांमध्ये होतात. म्हणून मी म्हणते, नियम सक्तीची मुभा देत असला तरी विचारावं.

विचारणंही कसं? अनुकंपा तत्त्वावर लागलेली एक तरुण मुलगी होती. नवरा गेलेला, दोन लहान मुलं, सासू घरी. तिला साहेबांच्या दालनात, चार अधिकाऱ्यांसमोर विचारलं गेलं, “जाशील ना?” ती हो म्हणाली. दुपारी ती माझ्याकडे आली आणि हळूच म्हणाली, “मॅडम, नाही म्हटलं तर सीआर खराब होतो का?” मी साहेबांकडे गेले, तिची घरची परिस्थिती सांगितली, आणि ते समजूतदार होते म्हणून दुसरं नाव निघालं. दालनात चौघांदेखत दिलेल्या होकाराला मी कधीच संमती मानलं नाही. फॉर्म हातात द्या, घरी नेऊ द्या, दोन दिवसांनी परत घ्या. एवढा वेळ कोणत्याही तातडीच्या कामात सापडतो.

३. अंशदानाचं चलन म्हणजे माणसाचं म्हातारपण

या मुद्द्यावर मी रेंगाळणार आहे, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं आणि ते कोणाच्या डोळ्यांना दिसत नाही.

माणूस स्वीयेतर सेवेत गेला की त्याची ती वर्षं निवृत्तिवेतनासाठी धरली जावीत म्हणून कुणीतरी सरकारकडे पैसे भरावे लागतात. त्याला निवृत्तिवेतन अंशदान म्हणतात. रजेच्या काळातल्या पगारासाठी वेगळं रजा वेतन अंशदान असतं. सामान्यतः दोन्ही भरण्याची जबाबदारी माणूस घेणाऱ्या संस्थेची असते आणि आदेशात तसं लिहिलेलं असतं. केंद्राच्या पूरक नियमांत तर वर्ष संपल्यावर पंधरा दिवसांत अंशदान भरलं नाही तर शंभर रुपयांमागे दिवसाला दोन पैसे व्याज सांगितलेलं आहे. नियम करणाऱ्याला ही टाळाटाळ आधीच माहीत होती, असं ते वाचताना मला नेहमी वाटायचं.

घडतं काय? पहिल्या वर्षी संस्था अंशदान भरते. दुसऱ्या वर्षी लेखाधिकारी बदलतो. तिसऱ्या वर्षी दर बदललेला असतो, जुन्याच दराने रक्कम जाते, फरक राहतो. चौथ्या वर्षी माणूस परत येतो आणि सगळ्यांनाच वाटतं, झालं, संपलं. पुढची पंधरा-वीस वर्षं कोणाला आठवण नाही. मग तो माणूस निवृत्तीला येतो, सेवापुस्तक वेतन पडताळणी पथकाकडे जातं, प्रकरण मुंबईच्या किंवा नागपूरच्या महालेखापालांकडे जातं आणि तिथून आक्षेप येतो: अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतच्या स्वीयेतर सेवेचं अंशदान भरल्याचा पुरावा जोडावा.

तो पुरावा म्हणजे चलनाची प्रत. ती संस्थेकडे असते, आणि संस्थेचा जुना दप्तरसाठा कुठल्यातरी गोदामात असतो. एका महामंडळात काम करून आलेल्या आमच्या सर्वेक्षकांचं निवृत्तिवेतन असंच अडलं. गृहस्थ अतिशय व्यवस्थित, एकही दिवस विनापरवानगी गैरहजर न राहिलेले. त्यांना अंतरिम निवृत्तिवेतनावर दिवस काढावे लागले, आणि मुलीचं लग्न ठरलेलं असताना उपदानाची रक्कम हातात आली नाही. मी त्या महामंडळाच्या लेखा शाखेत स्वतः जाऊन बसले. तिथल्या एका वयस्कर रोखपालांनी जुन्या रोखवहीवरून चलन क्रमांक शोधून दिले, मग कोषागारातून पडताळणी करून घेतली. अंशदान भरलेलं होतं. सगळा खोळंबा फक्त प्रती नसल्यामुळे झाला होता.

तेव्हापासून मी एक साधी रीत ठेवली. माणूस बाहेर गेला की त्याच्या वैयक्तिक नस्तीत एक तक्ता लावायचा: वर्ष, देय रक्कम, भरलेली रक्कम, चलन क्रमांक, तारीख. दर एप्रिलमध्ये संस्थेला पत्र, मे मध्ये स्मरणपत्र. प्रत कर्मचाऱ्यालाही द्यायची. आणि जाणाऱ्याला मी निक्षून सांगायचे, “भाऊसाहेब, पगाराची स्लिप एखादी हरवली तर चालेल, पण अंशदानाच्या चलनाची झेरॉक्स घरच्या कपाटात पाहिजे.”

१ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांची गोष्ट निराळी आहे आणि माझ्या मते अधिक नाजूक. त्यांची पेन्शन मुळात वर्षांच्या हिशोबावर नाही, खात्यात साचलेल्या पैशावर ठरते. त्यांच्या पगारातली कपात आणि नियोक्त्याचा हिस्सा दर महिन्याला खात्यात पडायला हवा. जुन्या योजनेतल्या माणसाचं अंशदान उशिरा भरलं तर व्याज लावून हिशोब पुरा करता येतो. यांचे पैसे चार महिने उशिरा गेले तर त्या चार महिन्यांची गुंतवणूक गेली, आणि ती भरून देण्याची आठवण कोणी ठेवत नाही. या मुलांनी मोबाइलवर आपलं खातं दर महिन्याला उघडून पाहावं. एखाद्या महिन्याची रक्कम दिसली नाही तर त्याच आठवड्यात लेखी पत्र द्यावं, आणि आवक क्रमांकाची सही घेतल्याशिवाय तिथून हलू नये.

आणखी एक: घेणाऱ्या संस्थेने स्वतःच्या योजनेतून उपदान किंवा पेन्शन देऊ केली तर सरकारच्या मंजुरीशिवाय ती स्वीकारता येत नाही. केंद्राच्या मूलभूत नियमांत हे स्पष्ट आहे. प्रेमाने दिलेलं पाकीटसुद्धा आधी विचारून घ्यावं.

४. सेवापुस्तक

निघण्याआधी सेवापुस्तक अद्ययावत करून घ्या, त्याची साक्षांकित दुय्यम प्रत स्वतःजवळ ठेवा, अखेरचं वेतन प्रमाणपत्र वेळेत पोचलं का ते पाहा, आणि सेवार्थ या वेतनप्रणालीत आपली नोंद कुठे दिसते ते विचारा. परतल्यावर पहिल्या महिन्यात बाहेरच्या काळाची नोंद, वेतनवाढी आणि रजा यांसह, लिहून घ्या. यात अवघड काही नाही, फक्त कंटाळा करू नका.

५. डोळ्याआड गेलेल्याला यादीत शोधा

प्रतिनियुक्तीवर गेलेल्या माणसाचा मूळ पदावरचा धारणाधिकार कायम असतो. तो माणूस संवर्गातून बाहेर पडलेला नसतो. ज्येष्ठता यादीत त्याचं नाव तिथेच असतं, आणि त्याच्या लगत खालच्या माणसाला बढती मिळाली तर याचाही विचार व्हायला हवा. नियमांत याची तरतूद आहे. पण नियम यादी वाचत नाही, यादी वाचतो तो टेबलावरचा लिपिक.

एक कनिष्ठ अभियंता बाई प्राधिकरणात गेल्या होत्या. तिथे काम उत्तम, वरिष्ठ खूश. इकडे पदोन्नतीची बैठक लागली आणि त्यांचे मागच्या वर्षांचे गोपनीय अहवाल उपलब्ध नाहीत म्हणून नाव बाजूला ठेवलं गेलं. अहवाल लिहिलेले होते. ते प्राधिकरणाच्या कपाटात पडून होते, कारण ते मूळ खात्याकडे पाठवायचे असतात हे तिथल्या कोणाला ठाऊक नव्हतं. त्यांच्यामागून लागलेली माणसं त्यांच्या वर गेली. नंतर पदोन्नतीचा मानीव दिनांक मिळाला, वेतननिश्चिती झाली, थकबाकीचा वाद राहिलाच. पण मानीव दिनांकाने दोन वर्षांचा अपमान भरून निघत नाही. आपल्या हाताखाली काल काम करणाऱ्याला आज ‘सर’ म्हणावं लागलं, हे त्या विसरू शकल्या नाहीत, आणि त्यांनी का विसरावं?

आता अहवाल ऑनलाइन झाले, हे फार चांगलं झालं. तरीही बाहेर असलेल्यांची वेगळी यादी करून पदोन्नती समितीच्या टिपणीला जोडणं ही आस्थापनेची जबाबदारी आहे. बाहेर असलेल्यांनीही दर वर्षी प्रसिद्ध होणारी ज्येष्ठता यादी मागवून आपला अनुक्रमांक तपासावा.

६. दोष लागला तर शिक्षा कोणी करायची

उसनवारीवर आलेल्या माणसाकडून चूक झाली की घेणाऱ्या कार्यालयात पहिली प्रतिक्रिया असते, ‘पाठवून द्या परत.’ मूळ खातं म्हणतं, तुमच्याकडे घडलं, तुम्ही बघा. अशी चौकशी दोन्हीकडे लोंबकळते, आणि माणूस दोषी असला तर सुटतो, निर्दोष असला तर संशयाखाली वर्षं काढतो. दुसरी गोष्ट मला जास्त डाचते.

शिस्तीच्या नियमांत याची वाट आखलेली आहे. घेणाऱ्या प्राधिकाऱ्याला निलंबनाचा आणि चौकशी सुरू करण्याचा अधिकार मिळतो, पण त्याने मूळ खात्याला ताबडतोब कळवायचं असतं. किरकोळ शिक्षा मूळ खात्याशी विचारविनिमय करून होते. मोठी शिक्षा योग्य वाटली तर माणूस आणि चौकशीचे कागद दोन्ही मूळ खात्याकडे जातात आणि निर्णय तिथे होतो.

याच प्रश्नावर देशात केवढा मोठा झगडा झाला होता! निवडणूक कामावर घेतलेले कर्मचारी लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २८-क प्रमाणे तेवढ्या काळापुरते निवडणूक आयोगाकडे प्रतिनियुक्तीवर आहेत असं मानलं जातं, आणि ते आयोगाच्या शिस्तीखाली येतात. १९९३ मध्ये टी. एन. शेषन मुख्य निवडणूक आयुक्त असताना ही शिस्त म्हणजे नेमकी किती, यावरून आयोग आणि केंद्र सरकार आमनेसामने आले आणि शेषन यांनी निवडणुकाच थांबवण्याचा पवित्रा घेतला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि सप्टेंबर २००० मध्ये तडजोडीने मिटलं. आयोग निलंबित करू शकतो, दुसरा माणूस मागू शकतो, शिस्तभंगाची शिफारस करू शकतो. आणि मूळ खात्याने त्यावर काय केलं ते सहा महिन्यांत आयोगाला कळवायचं. मला त्या तडजोडीतली सहा महिन्यांची अट सर्वांत मोलाची वाटते. प्रत्येक प्रतिनियुक्तीच्या आदेशात अशी मुदत लिहिलेली असावी, असं माझं ठाम मत आहे.

७. शिक्षकांना उसनं देताना वर्गाकडे बघा

माझी धाकटी बहीण जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेत होती. मतदार याद्यांचं काम आलं की दोघांपैकी एकजण गावात फिरायचा आणि चार इयत्ता दुसऱ्याच्या अंगावर. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने शिक्षकांना देता येणारी अशैक्षणिक कामं मर्यादित केली: दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकांची कर्तव्यं. त्याआधी २००७ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने सेंट मेरीज शाळेच्या प्रकरणात म्हटलं होतं की मतदार याद्यांच्या कामासाठी शिक्षकांना सुट्टीच्या आणि बिगरअध्यापनाच्या दिवशी घ्यावं, एरवी शाळेच्या वेळेत नाही.

निवडणुकीचं काम राष्ट्राचं आहे, ते करताना माझ्या बहिणीला अभिमानच वाटायचा. पण आदेश काढणाऱ्याने शाळेची पटसंख्या आणि शिक्षकसंख्या त्याच टिपणीत लिहावी. दोनशिक्षकी शाळेतून माणूस उचलताना तो आकडा समोर असला तर हात थांबतो, हे मी पाहिलेलं आहे.

८. परतीची तारीख पहिल्याच दिवशी लिहा

प्रतिनियुक्ती ही तात्पुरती असते. केंद्रात साधारण तीन वर्षं, मग वाढ. पुढच्या नियुक्तीआधी मूळ खात्यात काही काळ काम करण्याची अट. मुदत संपली की माणूस आपोआप कार्यमुक्त झाला असं समजावं, असंही केंद्राच्या सूचनांत आहे. कुणाल नंदा प्रकरणात, २००० साली, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रतिनियुक्तीवर आलेल्याला तिथेच सामावून घेतलं जाण्याचा हक्क नाही; त्याला मूळ खात्यात परत पाठवता येतं. ते गृहस्थ केंद्रीय राखीव पोलीस दलातून सीबीआयमध्ये आले होते.

माणसं मुदतवाढ का मागतात हे मला कळतं. मुलाची दहावी असते, आईवर शहरात उपचार चालू असतात, प्रतिनियुक्ती भत्ता मिळत असतो. केंद्रात तो त्याच शहरात मूळ वेतनाच्या पाच टक्के, बाहेरगावी दहा टक्के, कमाल मर्यादेसह. दहावीच्या वर्षाची वाढ मी स्वतः आग्रहाने मंजूर करून घेतलेली आहे. पण वाढीवर वाढ घेत माणूस तिथेच मुरला की दोघांचं नुकसान होतं. मूळ खात्यात त्याची जागा ना भरता येते ना रिकामी म्हणता येते, आणि त्याच्या टेबलाचं काम शेजारच्याच्या डोक्यावर बसतं. घेणाऱ्या संस्थेतल्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या बढतीच्या जागा अडतात. असंच गोव्यात झालं: १९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यावर तिथे शेजारच्या राज्यांमधून अधिकारी प्रतिनियुक्तीवर गेले. प्रशासन उभं करायला त्यांची गरज होती. पण वरच्या जागा बाहेरच्यांकडे राहिल्याची खंत स्थानिक कर्मचाऱ्यांत पुढे बराच काळ होती. ती खंत रास्त होती. बाहेरून आलेल्याने काम लावून द्यावं, स्थानिक माणूस तयार करावा आणि निघावं.

म्हणून पाठवतानाच नोंदवहीत परतीची तारीख लाल शाईने लिहा, आणि तीन महिने आधी दोन्हीकडे पत्र जाऊ द्या. परत येणाऱ्याला बसायला जागा आणि करायला काम ठेवा. कित्येकजण परत आल्यावर महिनोन्‌महिने पदस्थापनेची वाट पाहतात, आणि तो प्रतीक्षा कालावधी नियमित करायला पुन्हा वेगळा प्रस्ताव लागतो.

९. शिकून आलेल्याला विचारा

ही व्यवस्था मला मनापासून आवडते, हे वरच्या तक्रारींत हरवू नये. सी. डी. देशमुख यांचं उदाहरण घ्या. मध्य प्रांत आणि वऱ्हाडातले आयसीएस अधिकारी. १९३९ मध्ये सरकार आणि रिझर्व्ह बँक यांच्यातला दुवा म्हणून बँकेत पाठवले गेले. चार वर्षांत, १९४३ मध्ये, ते त्या बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. एका खात्यातून दुसरीकडे दिलेला माणूस काय करू शकतो, याचं याहून मोठं उदाहरण आपल्या मराठी माणसांत मला माहीत नाही.

छोट्या पातळीवरही हे घडतं. आमच्याकडचे एक लेखालिपिक महापालिकेत गेले आणि दुनोंदी पद्धतीचे हिशोब शिकून आले. परत आल्यावर त्यांना आवक-जावक शाखा दिली! मी साहेबांना म्हटलं, “साहेब, यांना लेखा शाखेत घ्या, पुढच्या लेखापरीक्षणात फरक दिसेल.” साहेबांनी ऐकलं आणि फरक दिसला, वर्षानुवर्षं न जुळणारी अनामत रकमांची यादी त्यांनी जुळवून दाखवली. परतलेल्याला एक तास समोर बसवून विचारा: तिथे काय वेगळं पाहिलंत, आपल्याकडे काय आणता येईल? हा तास मी कुठल्याच नियमात पाहिला नाही. तो असायला हवा.

१०. शेजारच्या खुर्चीवरची एजन्सीची मुलगी

माझ्या नोकरीच्या अखेरच्या काळात कार्यालयात आणखी एक प्रकारची उसनी माणसं आली. संगणकचालक, शिपाई, सफाई कामगार, सुरक्षारक्षक. ती आमच्याच टेबलांवर बसायची, आमच्याच साहेबांचं ऐकायची, पण पगार ठेकेदाराच्या एजन्सीकडून यायचा. त्यांना धारणाधिकार नाही, सेवापुस्तक नाही, परत जायला मूळ खातं नाही. सरकारी कर्मचाऱ्याला उसनं देताना ज्या संरक्षणांवर मी एवढं लिहिलं, त्यांतलं जवळजवळ काहीच त्यांच्यापाशी नाही.

सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने खासगी संस्थांमार्फत बाह्यस्रोतातून पदं भरण्याचा निर्णय काढला, त्याला तरुणांनी ठिकठिकाणी विरोध केला, आणि ऑक्टोबरमध्ये तो रद्द झाला. मला तो विरोध योग्य वाटला. पण तो निर्णय रद्द झाल्याने आधीपासून खुर्च्यांवर बसलेली ही माणसं कुठे गेली नाहीत. ती आजही तिथे आहेत.

त्यांच्यासाठी कायदा अगदीच मुका नाही. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने ठेकेदाराने वेतन दिलं नाही तर ते देण्याची जबाबदारी काम करून घेणाऱ्या मूळ मालकावर टाकली. वेतनवाटपाच्या वेळी मूळ मालकाचा प्रतिनिधी हजर असावा असंही सांगितलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या कामगार संहितांनीही ठेकेदार चुकला तर वेतनाची जबाबदारी मूळ मालकाकडेच ठेवली. महाराष्ट्राने तर याहून पुढची वाट फार पूर्वी दाखवली आहे: १९६९ चा माथाडी कायदा आणि १९८१ चा खासगी सुरक्षारक्षकांचा कायदा. त्यांत मंडळाकडे नोंदणी होते, कामगार आज या मालकाकडे आणि उद्या त्या मालकाकडे गेला तरी त्याची मजुरी, भविष्यनिर्वाह निधी आणि उपदान मंडळ सांभाळतं. मालक बदलला तरी माणसाचा हिशोब तुटत नाही. संगणकचालक मुलीला असं मंडळ का नसावं, हा प्रश्न मी निवृत्तीच्या दिवशीही विचारला होता आणि आजही विचारते.

ते होईल तेव्हा होईल. तोवर आस्थापना शाखेतल्या माझ्या मुलामुलींनो, एवढं करा. एजन्सीचं मासिक देयक मंजुरीला आलं की मागच्या महिन्याचं भविष्यनिर्वाह निधीचं आणि कर्मचारी राज्य विम्याचं चलन मागा. चलनाला जोडलेल्या यादीत तुमच्या कार्यालयातल्या प्रत्येकाचं नाव आहे का ते बोट ठेवून वाचा. ज्याचं नाव नाही त्याला बोलावून विचारा. आणि यादी पूर्ण होईपर्यंत देयकावर सही करू नका.